डबलसीट प्रवासासाठी मोटरसायकल कशी लावून घ्यावी

एकट्याने चालवताना हाताला सरावलेली मोटरसायकल मागे माणूस बसला की निराळी वागू लागते. ती वळणात मनात धरलेल्या रेषेच्या बाहेर सरकते, खड्ड्यातून जाताना मागून ठोका बसतो, ब्रेक नेहमीपेक्षा आधी आणि जोरात दाबावा लागतो, आणि रात्री समोरचे चालक दिव्याची उघडझाप करून आपली नापसंती कळवतात. या सगळ्याचे खापर बहुधा मागे बसलेल्याच्या वजनावर फोडले जाते. वजन हे कारण आहेच. परंतु ते किती आहे यापेक्षा ते नेमके कोठे पडते, यावर गाडीचे वागणे अधिक अवलंबून असते.

समजा, दोन चाकांच्या आसांमधले अंतर १३० सेंटीमीटर आहे आणि ६० किलो वजनाच्या सहप्रवाशाचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या १५ सेंटीमीटर पुढे येतो. तरफेच्या साध्या हिशेबाने त्यांपैकी जेमतेम ७ किलो पुढच्या चाकावर आणि उरलेले ५३ किलो मागच्या चाकावर पडतात. म्हणजे जवळजवळ सगळे नवे वजन एकाच चाकाने उचलायचे असते. मागची स्प्रिंग दबते, मागची बाजू खाली बसते आणि पुढचा भाग नाक वर केल्यासारखा उभा राहतो. त्यामुळे पुढचे चाक धरणारा फोर्क अधिक तिरका होतो, हँडल मंदपणे प्रतिसाद देते, दिव्याचा झोत वर चढतो, आरशांचा कोन बिघडतो, स्टँडची दांडी जमिनीच्या जवळ येते आणि चेनचा ताणही बदलतो. वर सांगितलेल्या चार तक्रारींपैकी ब्रेकची एक तक्रार सोडली, तर बाकीच्या तिन्हींचे मूळ या खचलेल्या मागच्या बाजूत आहे.

म्हणून डबलसीटची तयारी म्हणजे मुख्यतः मागची बाजू पुन्हा तिच्या मूळ उंचीजवळ आणणे आणि बाकीची जुळवणी त्या उंचीवर बेतणे, असे मी मानतो. हा क्रम मोडला तर तेच काम दोनदा करावे लागते. आधी दिवा खाली केला आणि नंतर स्प्रिंग वर घेतली, तर झोत रस्त्यावर लांब पडण्याऐवजी पुढच्या चाकासमोरची दोन हात जमीन तेवढी उजळतो.

वजनाचा हिशेब

पान्हा हातात घेण्यापूर्वी कागद घ्यावा. गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात. पहिला म्हणजे इंधन, ऑइल आणि बॅटरी यांसह उभ्या गाडीचे वजन, अर्थात कर्ब वेट. आणि दुसरा म्हणजे माणसे व सामान धरून गाडीचे एकूण वजन किती असू द्यावे याची मर्यादा, अर्थात ग्रॉस वेट. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडीवर प्रत्यक्ष किती भार चढवता येईल ते कळते. जाहिरातीत कधीकधी ड्राय वेट छापलेले असते. त्यात इंधन धरलेले नसते, आणि पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते, म्हणून १२ लिटरची टाकी एकटीच ९ किलोंचा फरक पाडते.

एखाद्या गाडीचे ग्रॉस वेट २९० किलो आणि कर्ब वेट १४२ किलो असेल, तर भारासाठी १४८ किलो उरतात. चालक ७५ किलोंचा, त्याचे हेल्मेट, जॅकेट आणि बूट मिळून ५ किलो; सहप्रवासी ६० किलोंचा, त्याचा पेहराव ४ किलो; एकूण १४४. हाती राहिले ४ किलो. त्यांत पावसाळी कपडे आणि पाण्याची बाटली मावते, दोघांचे दोन दिवसांचे सामान मावत नाही. दोघांनीही वजन काट्यावर, पूर्ण पेहरावासह करावे. आठवणीतून सांगितलेले वजन बहुतेक वेळा काही वर्षांपूर्वीचे असते.

मर्यादा ओलांडली जात असेल, तर यापुढची कोणतीही जुळवणी ती तूट भरून काढत नाही. स्प्रिंग ताणून गाडी उंच उभी करता येते, पण चौकट, आरे, बेअरिंगे आणि ब्रेक मूळच्याच ताकदीचे राहतात. अशा वेळी सामान घरी ठेवणे किंवा दुसरी गाडी घेणे हेच दोन पर्याय उरतात.

टायर आणि हवा

मागच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर मापानंतर एक अंक आणि एक अक्षर असते. तो अंक म्हणजे टायरच्या भारक्षमतेचा निर्देशांक होय: ५७ म्हणजे २३० किलो, ६० म्हणजे २५० किलो, ६६ म्हणजे ३०० किलो. मूळ मापाचा आणि मूळ निर्देशांकाचा, किंवा त्याहून वरच्या निर्देशांकाचा टायर असेल तर काळजीचे कारण नाही. मात्र पूर्वी कोणीतरी स्वस्तात मिळाला म्हणून कमी निर्देशांकाचा टायर चढवला असेल, तर तो दोष एकट्याच्या प्रवासात दिसत नाही आणि डबलसीटमध्ये नेमका उघडा पडतो.

हवेच्या बाबतीत पुस्तिकेत किंवा चेनकव्हरवरच्या चिठ्ठीवर दोन वेगळे दाब दिलेले असतात, एक एकट्यासाठी आणि दुसरा दोघांसाठी. लहान आणि मध्यम गाड्यांत पुढचा दाब बहुधा तोच राहतो आणि मागचा ४ ते ८ पीएसआयने वाढतो. उदाहरणार्थ, एकट्यासाठी २९ तर दोघांसाठी ३३ किंवा ३६. आपल्या गाडीचा आकडा चिठ्ठीवरूनच घ्यावा. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब हा शिफारस केलेला दाब नव्हे, ती त्या टायरची सीमा आहे, आणि तेवढी हवा भरल्यास टायर कडक होऊन त्याची रस्त्याला टेकणारी जागा आकसते. उलट हवा कमी राहिली, तर प्रत्येक फेऱ्याला टायरची भिंत दुमडते, सरळ होते, पुन्हा दुमडते, आणि त्या हालचालीची उष्णता टायरच्या आतल्या थरांत साठत जाते. भार जास्त, हवा कमी आणि वेग जास्त, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की टायर आतून सुटू लागतो.

दाब टायर थंड असताना मोजावा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिलेली असावी. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. त्यामुळे वाटेत तापलेल्या टायरमध्ये जास्त दाब दिसला म्हणून हवा सोडणे ही चूक ठरते. स्वतःचा दाबमापक सोबत ठेवणे फार उपयोगी पडते, कारण दोन वेगवेगळ्या मापकांवर दोन वेगवेगळे आकडे दिसणे ही अगदी रोजची गोष्ट आहे, आणि एकच मापक कायम वापरला तर निदान तुलना तरी खरी राहते.

मागची उंची

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून येथे घाई करू नये. प्रथम शॉकॲब्सॉर्बर मुळात धड आहे का ते पाहावे. त्याच्या चकचकीत दांडीवर तेलाचा ओलसर थर आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली, तर आतले सील गेलेले आहे. गाडी स्टँडवरून उतरवून मागची सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावी. मागची बाजू वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती दोन-तीन वेळा डुलत राहिली, तर डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचे डुलणे थोपवण्याचे शॉकचे बळ, संपले आहे, आणि अशा शॉकवर स्प्रिंग कितीही ताणली तरी गाडी सहप्रवाशासह तरंगतच राहील. नंतर डबल स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहावे. मागचे चाक धरणाऱ्या आणि कारागीर ज्याला चिमटा म्हणतात त्या स्विंगआर्मची बुशे झिजलेली असली, तर चाकासकट तो खडखडतो. ही दुरुस्ती आधी, जुळवणी नंतर.

आता मोजमाप. गाडी डबल स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून मागच्या आसाच्या मध्यापासून त्याच्या नेमके वर असलेल्या चौकटीवरच्या किंवा पॅनेलवरच्या एका खुणेपर्यंतचे उभे अंतर मोजावे. खूण चिकटपट्टीवर पेनने करावी, म्हणजे प्रत्येक वेळी तीच जागा मिळते. समजा, हे अंतर ५४० मिलिमीटर आले. त्यानंतर गाडी खाली उतरवावी, चालकाने पूर्ण पेहरावासह बसावे आणि तिसऱ्या माणसाने गाडी सरळ धरून तेच अंतर पुन्हा मोजावे. समजा ५०५ आले. फरक ३५ मिलिमीटर, म्हणजे एकट्याच्या वजनाने मागची बाजू तेवढी बसते. शेवटी सहप्रवाशाला बसवून, आणि सामान नेणार असाल तर तेही लावून, तिसऱ्यांदा मोजावे. येथे ४७० आले, तर एकूण बैठक, म्हणजे मागची बाजू खाली बसण्याचे माप, ७० मिलिमीटर झाली.

शॉकच्या सांध्यांत आणि सीलमध्ये घर्षण असते, त्यामुळे गाडी प्रत्येक वेळी थोड्या निराळ्या उंचीवर थांबते. म्हणून एकदा मागची बाजू दाबून हळूच सोडल्यावर आणि एकदा ती उचलून हळूच सोडल्यावर, अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी. रस्त्यावरच्या गाडीसाठी बसलेल्या माणसांसह होणारी बैठक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या सुमारे एक-तृतीयांश असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. चाकाची हालचाल ११० मिलिमीटर असेल, तर ३५ ते ४० मिलिमीटर योग्य. ७० मिलिमीटर म्हणजे धक्का शोषण्यासाठी उरलेली जागा अवघी ४०. खड्ड्यातला तो ठोका येथून येतो.

उपाय म्हणजे प्रीलोड, अर्थात भार पडण्यापूर्वीच स्प्रिंगला दिलेला दाब, वाढवणे. दोन शॉक असलेल्या गाड्यांत स्प्रिंगच्या एका टोकाला पायऱ्यांची कडी असते. ती हूक पान्ह्याने फिरवून एक-एक पायरी वर न्यायची, आणि दोन्ही बाजूंना पायरी तीच ठेवायची. माती अडकून कडी घट्ट बसली असेल, तर आधी धुऊन, वाळवून, तेलाचे दोन थेंब सोडून थोडा वेळ जाऊ द्यावा. जोर लावताना पान्हा सटकला की बोटांची साले निघतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि पान्हा स्वतःकडे ओढता येईल असा लावावा. एकच शॉक असलेल्या गाड्यांत पायऱ्यांची कडी, आट्यांवर फिरणाऱ्या दोन कड्या किंवा बाहेरून हाताने फिरवायची मूठ असते. आट्यांच्या प्रकारात वरची कडी कुलपाचे काम करते. ती आधी सैल करून खालची फिरवावी आणि काम झाल्यावर पुन्हा आवळावी. अशा गाड्यांत शॉक तरफेच्या आधाराने काम करतो, त्यामुळे कडी ५ मिलिमीटर सरकवली की मागची बाजू त्याहून जास्त उचलली जाते. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे, अंदाजावर सोडू नये.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग अधिक कडक होते, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. सरळ गुंडाळीची स्प्रिंग पूर्वी जितक्या वजनाला एक सेंटीमीटर दबत होती, तितक्याच वजनाला आताही दबते. बदलते ती फक्त गाडी उभी राहण्याची उंची. यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की शेवटच्या पायरीवरही बैठक जास्तच राहिली, तर तेथे अधिक ताकदीच्या स्प्रिंगचीच गरज आहे. कडी आणखी आवळण्याला अर्थ नाही. लहान गाड्यांत दोन प्रौढ बसल्यावर हे बऱ्याचदा घडते. दुसरी अशी की जास्त दबलेल्या स्प्रिंगमध्ये जास्त ऊर्जा साठते आणि ती सुटताना मागची बाजू उसळते. शॉकला रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग आवरणारा, स्क्रू असेल, तर तो एक किंवा दोन टिचक्यांनी घट्ट करावा. त्यापूर्वी तो पूर्ण बंद होईपर्यंत टिचक्या मोजून मूळ जागेचा आकडा लिहून ठेवावा, नाहीतर परतीचा मार्ग सापडत नाही.

पुढच्या फोर्कला सहसा हात लावण्याची गरज पडत नाही. मागची उंची सावरली की पुढचा तिरकसपणा आपोआप कमी होतो आणि हँडल पुन्हा ओळखीचे वाटू लागते. एक बारीक परिणाम मात्र ध्यानात ठेवावा: प्रीलोड वाढवून रिकामी उभी केलेली गाडी पूर्वीपेक्षा उंच असल्याने साइड स्टँडवर जास्त कलते, म्हणून उतारावर आणि मऊ जमिनीवर ती लावताना जागा पाहून लावावी.

चेन

चेनचा ढिलेपणा पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत, उदाहरणार्थ २५ ते ३५ मिलिमीटर, ठेवायचा असतो. परंतु तो मोजला जातो रिकाम्या गाडीवर. मागचा आस, स्विंगआर्मचा आधारबिंदू आणि पुढच्या दातेरी चाकाचा मध्य हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणलेली असते, आणि दोन माणसे बसली की चाक वर सरकून गाडी नेमकी त्या स्थितीकडे जाते. मी सुरुवातीच्या काळात एकदा चेन डबल स्टँडवर झकास ताणून घेतली, तिचा लोंबता भाग नाहीसा झाला म्हणून समाधान मानले, आणि दुसऱ्या दिवशी डबलसीट निघाल्यावर प्रत्येक खड्ड्यात करकर ऐकत गेलो. अशा वेळी ताण केवळ चेनवर येत नाही. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे बेअरिंगही त्यात भरडले जाते. म्हणून पुस्तिकेप्रमाणे चेन लावल्यावर दोघांनी गाडीवर बसावे आणि तिसऱ्याने खालच्या बाजूला चेन बोटाने वर-खाली करून पाहावी. तेथे बोटभर तरी हालचाल उरलीच पाहिजे. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी तपासावे, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

ब्रेक आणि क्लच

१४० किलोंची गाडी आणि ७५ किलोंचा चालक मिळून २१५ किलो होतात. ६० किलोंचा सहप्रवासी आणि १० किलो सामान चढवले की २८५. वेग तोच असला तरी थांबवायची गतिज ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढली, आणि ती सगळी उष्णता ब्रेकच्या पॅडमधून, शूमधून आणि डिस्कमधून बाहेर पडायची असते. म्हणून एकट्यासाठी ‘अजून चालतील’ असे वाटणारे पॅड डबलसीट प्रवासापूर्वी बदलावेत. पॅडवरच्या खाचा बुजत आल्या असतील किंवा ड्रमच्या बाहेरचा बाण खुणेजवळ पोहोचला असेल, तर वाट पाहू नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे ते दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलावे. ओलसर ऑइल लांब उतारावर तापून उकळते आणि दांडी हाताला रबरासारखी लागते.

मागच्या चाकावर आता भरपूर वजन आहे, त्यामुळे मागचा ब्रेक एकट्याने चालवताना असतो त्यापेक्षा कितीतरी कामाचा ठरतो. पायपेडलची मोकळी चाल पुस्तिकेनुसार लावून घ्यावी आणि पेडल अशा उंचीवर ठेवावे की सहप्रवाशामुळे पुढे सरकून बसलेल्या चालकालाही पाय न उचलता ते दाबता यावे. मुख्य भार तरीही पुढच्या ब्रेकवरच राहतो. उतारावर गिअर खाली ठेवून इंजिनचा रोध वापरावा, विशेषतः मागे ड्रम ब्रेक असेल तेव्हा.

क्लचच्या दांडीची मोकळी चाल तपासावी. चढावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे, आणि दोघांच्या वजनाने तो आणखी लवकर संपेल.

दिवा आणि आरसे

टायर, उंची आणि चेन झाल्यावरच दिव्याकडे वळावे. संध्याकाळी सपाट जागेवर भिंतीपासून काही मीटर अंतरावर गाडी उभी करून, एकट्याने बसून, डिपरवर दिवा लावावा आणि झोताच्या वरच्या कडेची जागा भिंतीवर खडूने आखावी; अर्थात त्या वेळी दिवा मुळात बरोबर लावलेला असला पाहिजे. मग त्याच जागेवरून दोघांनी बसून पाहावे. प्रीलोड नीट जमला असेल, तर कड जवळजवळ खुणेवरच येते. ती वर राहिली, तर दिव्यामागच्या किंवा खालच्या स्क्रूने खाली आणावी. लांबच्या अंतरावर हा फरक किती वाढतो याची कल्पना नसते म्हणून लोक हे काम टाळतात. १० मीटरवर १० सेंटीमीटर चढलेला झोत ५० मीटरवर अर्धा मीटर चढलेला असतो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

आरसे दोघे बसल्यावर लावावेत. सहप्रवाशाचे कोपर आणि गुडघा आरशात येत असतील, तर आरसा थोडा बाहेर वळवावा.

सहप्रवाशाची जागा

बहुतेक लेखांत येथे गादीची चर्चा सुरू होते. मला मात्र फूटरेस्ट आधी पाहावासा वाटतो. सहप्रवाशाच्या शरीराला खाली भक्कम आधार देणारी तेवढीच जागा असते, आणि ती वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. फूटरेस्टची खीळ आणि तिची पिन जागेवर असावी, उघडल्यावर तो डुगडुगू नये, रबर गुळगुळीत झालेले नसावे, आणि त्याचा कंस चौकटीला ज्या बोल्टांनी धरलेला आहे ते आवळलेले असावेत. गुडघे कमरेपेक्षा फार वर जात असतील, तर अर्ध्या तासात पाय आखडतात. काही गाड्यांसाठी फूटरेस्ट खाली आणणारे कंस मिळतात, पण ते बसवल्यावर वळणात जमिनीला टेकत नाहीत ना, हे दोघांनी बसून, गाडी कलती धरून पाहावे. सहप्रवासी लहान मूल असेल आणि त्याचे पाय फूटरेस्टपर्यंत पोहोचत नसतील, तर त्याला मागे बसवू नये. कायद्यात वयाची अट असो वा नसो.

सायलेन्सरवरचे उष्णतारोधक आवरण आणि मागच्या चाकाजवळची जाळी शाबूत असावी. लोंबणारे कापड, बॅगेचे पट्टे आणि सुटलेल्या नाड्या चाकात ओढल्या जाण्यास क्षणही लागत नाही. मागच्या कडीचे, म्हणजे ग्रॅब रेलचे बोल्ट आवळावेत, कारण वेग घेताना सहप्रवाशाचे सगळे वजन तिच्यावर येते. गादीबाबत एवढेच सांगेन की मऊ गादीपेक्षा न घसरणारी गादी बरी. गुळगुळीत आवरणावर ब्रेकसरशी सहप्रवासी चालकावर सरकतो, चालक टाकीवर दाबला जातो आणि हँडलवर नको तेवढा भार येतो.

सामान

डबलसीटमध्ये सामान सहप्रवाशाच्या मागे बांधण्याचा मोह होतो, कारण दुसरी जागा दिसतच नाही. पुन्हा तरफेचा हिशेब करू. मागच्या आसाच्या ३० सेंटीमीटर मागे ८ किलोंची पेटी लावली, तर पुढच्या चाकावरून जवळजवळ २ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकावर १० किलो पडतात. आधीच हलका झालेला पुढचा भाग आणखी हलका होतो, आणि वेगात हँडल थरथरण्याची शक्यता वाढते. मागच्या कॅरिअरवर किती वजन चालते ते त्याच्यावरच लिहिलेले असते आणि तो आकडा बहुधा अवघा ३ ते ५ किलोंचा असतो. जड वस्तू टाकीवरच्या बॅगेत किंवा दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात. दोन्ही बाजूंचे वजन काट्यावर पाहून सारखे करावे. मागच्या पेटीत जॅकेट, टोपी असे हलके सामान ठेवावे. सहप्रवाशाच्या पाठीवर जड बॅग देणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण ते वजन सर्वांत उंच आणि सर्वांत मागे असते, शिवाय ते हलतेही.

पहिली फेरी

गाडी तयार झाली तरी दोघांची जुळणी व्हायची असते. चालकाने आधी बसावे, स्टँड वर करावे, दोन्ही पाय जमिनीवर रोवावेत, पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि मगच ‘बस’ म्हणावे. सहप्रवाशाने चालकाच्या खांद्यावर हात ठेवून, गाडी आपल्याकडे न ओढता चढावे आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. उतरतानाही हाच नियम असून तेथे सहप्रवासी आधी उतरतो. गाडी थांबली तरी पाय फूटरेस्टवरच ठेवायचे, वळणात चालकाच्या आतल्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहायचे आणि गाडी ज्या बाजूला कलते तिच्या उलट बाजूला शरीर झुकवायचे नाही, या तीन गोष्टी निघण्यापूर्वी सांगाव्यात. एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब, अशी खूण ठरवून घ्यावी. हेल्मेटमधून ओरडलेले काही ऐकू येत नाही.

मोकळ्या मैदानावर किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. चालण्याच्या वेगात इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवावी, मग ताशी ३० किलोमीटरवरून दोन्ही ब्रेकने थांबावे, नंतर ४० वरून. गिअर बदलताना हेल्मेटवर हेल्मेट आपटत असेल, तर थ्रॉटल फार झटक्यात मिटला किंवा उघडला जातो आहे. वळणात स्टँड घासले, तर मागची बाजू अजून खाली आहे. लहान उंचवट्यांवर सहप्रवासी गादीवरून उडत असेल, तर प्रीलोड गरजेपेक्षा जास्त झाला आहे किंवा रिबाउंड कमी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. परतल्यावर मागच्या ड्रमजवळ किंवा डिस्कजवळ हात न लावता नुसता नेऊन पाहावा: ब्रेक फारसा वापरला नसूनही तेथे आच जाणवली, तर तो अडकून घासतो आहे. ग्रॅब रेल, फूटरेस्टचे कंस आणि सामानाचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्ह्याने तपासावेत.

एकट्याने निघण्यापूर्वी सगळे मागे घ्यायचे असते, आणि ते बहुतेक जण विसरतात. दोघांसाठी ताणलेल्या प्रीलोडवर एकटा चालक बसला की मागची बाजू उंच राहते, हँडल चटकन वळते आणि खड्ड्यावर मागचे चाक लाथ मारल्यासारखे उसळते. त्यासाठी सीटखाली एक चिठ्ठी चिकटवून ठेवावी: एका रकान्यात एकट्याचे आकडे, दुसऱ्यात दोघांचे, हवा, पायरी, रिबाउंडच्या टिचक्या आणि दिव्याच्या स्क्रूचे फेरे. चेनला मात्र परत हात लावावा लागत नाही, कारण ती सर्वांत ताणलेल्या स्थितीत पुरेशी सैल राहते हे आपण आधीच पाहिलेले असते.